अंगठ्याचा जोर

शुभदा, कंपनीच्या कँटीनमध्ये सगळे तुझ्यासाठी जमले होते, तेव्हा मालक हेमंतभाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले नाही. माझ्या आधी जे बोलले त्यांनी तुला शांत ठरवलं, मनमिळाऊ ठरवलं. तू आयुष्यात कुणाला दुखावलं नाहीस, असंही कुणीतरी म्हणालं. मी खाली मान घालून बसले. तू मला चांगलंच दुखावलं होतंस, मीही तुला दुखावलं होतं, आणि आपली बरीचशी मैत्री त्यातूनच झाली होती. हे माईकसमोर उभं राहून कसं सांगणार? म्हणून इथे सांगते आहे, तुलाच.

मी नाशिकहून सिल्वासाला आले तेव्हा राखोलीच्या त्या प्लास्टिकच्या कारखान्यात डिझाइनच्या खोलीत तू एकटीच बाई होतीस. मला वाटलं होतं, चला, कुणीतरी सोबतीला आहे. पहिल्याच आठवड्यात तू माझं ड्रॉइंग टेबलावर पसरलंस आणि म्हणालीस, हा तुकडा साच्यातून बाहेर कसा येणार ते मला सांग. मला सांगता आलं नाही. तू हसलीस, तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांवर बोट ठेवलंस आणि चहा प्यायला घेऊन गेलीस. टोकरखाड्याला तुझ्या इमारतीच्या मागच्या गल्लीत मला खोलीही तूच बघून दिलीस. घरमालकाशी गुजरातीत बोलायला तू आणि सामान चढवायला तूच.

नव्या साच्यातून पहिला तुकडा निघाला की बाकीचे लोक तो उजेडात धरून न्याहाळायचे. तू तो वाकवून मोडायचीस. कसा मोडतो ते कळल्याशिवाय तुझा कशावर विश्वास बसायचा नाही. मला ती सवय तू लावलीस. आजही कुठलाही नवा तुकडा हातात आला की माझी बोटं आधी त्याला वाकवून बघतात. हे ऋण म्हणू की खोड, मला ठरवता आलेलं नाही.

मग त्या क्लिपचं काम आलं. वापीकडची एक कंपनी पत्र्याच्या तयार खोल्या बनवायची. बांधकामावर, रस्त्याच्या कामावर मजुरांना राहायला उचलून नेऊन ठेवतात, तशा. त्यांना फळ्या, स्विचचे डबे, कपड्यांच्या खुंट्या भिंतीवर बसवायच्या होत्या आणि स्क्रू नको होते. भिंतीच्या तक्त्याला आधीच भोक पाडलेलं असणार. आपल्या जोडणीच्या लाइनवरच्या बायकांनी त्यात क्लिप दाबायची, तिचे दोन पाय आत जाताना मिटणार, पत्र्यापलीकडे गेले की उघडणार, आणि टक् असा आवाज होऊन क्लिप अडकणार. नंतर फळी नुसती त्यावर लटकवायची. पाय कडक ठेवले तर क्लिप घट्ट धरते, पण दाबायला जोर लागतो. पाय नरम ठेवले तर ती सहज आत जाते, पण वजन आलं की बाहेर यायला बघते. आपलं सगळं भांडण एवढ्याशा जागेत झालं.

पहिली क्लिप तूच काढलीस, ती तपासून सही द्यायचं काम माझं होतं. चांगली होती. मी तिच्यावर वाळूच्या पिशव्या लटकवल्या, तापवली, हलवली, ती जागची हलली नाही. आणि तूच म्हणायला लागलीस की ही चालणार नाही. दाबायला फार जोर लागतो. दाबताना तुझा अंगठा नखापर्यंत पांढरा पडायचा आणि तू हात झटकायचीस. मी जोर मोजायचा गेज आणला, दहा-बारा क्लिपा दाबून दाखवल्या. सगळ्या मापात होत्या.

माप कोणी ठरवलं, असं तू विचारलंस. मी म्हटलं, चल, ज्यांना दाबायच्या आहेत त्यांनाच विचारू. खाली लाइनवर गेलो. खानवेलहून रोज बसने येणारी रमिला तिथली सगळ्यांत जुनी. तिने चार क्लिपा दाबल्या आणि म्हणाली, चालेल बेन. बाकीच्याही तेच म्हणाल्या. मी तुझ्याकडे बघितलं. तू जिना चढताना म्हणालीस की त्या नाही म्हणणारच नाहीत. मी हातात गेज घेऊन उभी, मागे हेमंतभाई हाताची घडी घालून उभे. कोणती बाई नाही म्हणेल?

मला ते पटलं नव्हतं. मला वाटलं, हरायला आली की ही नवी बाजू काढते.

तू क्लिपचे पाय लांब केलेस, बारीक केलेस. नवी क्लिप खरंच करंगळीनेही गेली असती. मी तिच्यावर फळी लावली, फळीवर वजन ठेवलं आणि ती भट्टीच्या खोलीत ठेवून दिली. सकाळी दार उघडलं तर फळी जमिनीवर, पिशव्या फुटलेल्या, वाळू सगळीकडे. तू म्हणालीस, भट्टी जास्त तापवली असशील. पण मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत आतून हात लावता येत नाही, हे मला तूच सांगितलं होतंस. मी त्या क्लिपवर सही करायला नकार दिला.

कँटीनमध्ये सगळ्यांसमोर झालं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. तू ताट बाजूला सारलंस आणि म्हणालीस, "तुला आकडे दिसून राहिले मेधा, हात दिसून नाही राहिले." तू चिडलीस की तुझं जळगाव बाहेर यायचं. मी म्हटलं, "आणि तुला त्या फळीखाली झोपलेला माणूस दिसत नाही." तू उठून गेलीस. तुझं ताट मी उचलून ठेवलं. भात तसाच होता.

त्यानंतर आपण बोलत नव्हतो. एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. काही विचारायचं असेल तर तू मेल पाठवायचीस. मागून टाइप केल्याचा आवाज यायचा, थोड्या वेळाने माझ्या पडद्यावर तुझं नाव. तुझं टायपिंग हळू झालं होतं हे मला ऐकू येत होतं. मला ते रागाचं वाटलं.

मग तू रजा घेऊन मुंबईला गेलीस. कशासाठी, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू नव्हतीस त्याच दिवसांत पहिल्या कडक क्लिपच्या नमुन्याचं काम लाइनवर लागलं. मी खाली चक्कर मारायला गेले, हातात काही न घेता. कामाची पाळी संपत आली होती. रमिला क्लिपा अंगठ्याने दाबतच नव्हती. तळहाताच्या खालच्या भागावर फडक्याची घडी ठेवून, वरून अंगाचा भार देऊन ती त्या आत ढकलत होती. फडकं काढायला सांगितलं तर तिने आधी नको म्हटलं. मग दाखवलं. तळहात लालभडक झाला होता, एका जागी कातडी सोलली होती. दुखत नाही का, मी विचारलं. ती म्हणाली, "संध्याकाळी दुखते. सकाळी परत चालते."

तू मुंबईहून आलीस असं कळलं तशी मी कामावरून सुटून थेट तुझ्याकडे आले. दार काकूंनी उघडलं. तुझी आई एरवी मला बघून आधी पाणी आणायची. त्या दिवशी ती नुसती बाजूला झाली. तू पलंगावर बसली होतीस. मी बसलेसुद्धा नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, त्या बायका नाही म्हणत नाहीत, रमिलाचा हात मी बघून आले. माझी माफीची भाषा तुला कधी आवडली नाही, म्हणून माफी मागितली नाही. फक्त सांगितलं.

तू ऐकून घेतलंस. मग उजवा हात माझ्यापुढे धरलास. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधलं मांस पार बसून गेलं होतं, तिथे खळगा झाला होता.

"तुझा गेज बरोबर होता, मेधा," तू म्हणालीस. "माझाच अंगठा गेला."

नसांचा आजार होता. हातापासून सुरू होतो, मग पाय, जीभ, शेवटी श्वास. औषध नाही. तू ते असं सांगितलंस जसं एखाद्या साच्याची अडचण समजावून सांगत असावीस. मी तुला तू बरोबर होतीस म्हणायला आले होते, आणि तू मला मी बरोबर होते म्हणत होतीस, आणि त्या खोलीत दोघींनाही बरोबर असण्याचं काही सुख नव्हतं. काकू स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. ती आधीच घासलेली होती.

त्यानंतरचे काही आठवडे मी तुझ्याशी फार गोड वागले. तुझी नरम क्लिप पुन्हा काढली, तिच्यात काय काय चांगलं आहे ते तुला सांगायला लागले, थोडं जाड केलं की चालेल वगैरे. पहिल्यांदा तू ते चालवून घेतलंस. दुसऱ्यांदा म्हणालीस, "फळी पडली होती ना? मग पडली. मी आजारी म्हणून ती वर नाही चढत." मी रडायला लागले तर तू आणखी चिडलीस. म्हणालीस, हेमंतभाई गोड बोलतात, शेजारीपाजारी गोड बोलतात, भाऊ जळगावहून फोन करून गोड बोलतो. निदान एक माणूस तरी मला भांडायला हवं, तुला जमत नसेल तर येऊ नकोस.

म्हणून मी भांडत राहिले. शुभदा, ते किती कठीण होतं ते तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या तोंडात चमचा देता देता तुझं म्हणणं खोडून काढायचं. तुझा शब्द अडखळायला लागल्यावर तो पुरा होईपर्यंत थांबायचं आणि मग नाही म्हणायचं. बाहेर पडल्यावर जिन्यात मी कठडा धरून उभी राहायचे.

हेमंतभाईंनी तुला घरून काम करू दिलं, हे त्यांचं मोठेपण. मी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन यायचे. तू सांगायचीस, मी काढायचे. काकू अधूनमधून येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, एवढ्याशा खिळ्यासाठी दोघी किती डोकं फोडता गं. एकदा तू बोलता बोलता मान खिडकीकडे वळवलीस. मला वाटलं दमलीस. मग म्हणालीस की आत जायचं काम आणि धरून ठेवायचं काम, दोन्ही आपण त्याच पायांवर का टाकलं? पाय नरमच ठेव. ते बोटाने आत जाऊ देत. मग मधून एक दांडा घाल, तो पायांना आतून फाकवून धरेल. दांडा सरळ जातो, त्याला जोर लागत नाही. आणि तो मध्ये आहे तोवर पाय मिटू शकत नाहीत.

मी ते काढलं आणि माझ्या अंगावर काटा आला. अशा क्लिपा जगात नाहीत असं नाही, आपण दोघींनीही पाहिलेल्या होत्या. पण आपल्या भांडणाचं उत्तर तेच आहे हे तुला दिसलं, मला दिसलं नव्हतं. तुझा चेहरा त्या दिवशी फार सुंदर दिसत होता. तोपर्यंत त्याच्यावरचे अर्धे स्नायू हलत नव्हते, तरी.

अर्थात लगेच नवं भांडण निघालं. दांडा क्लिपला जोडलेला ठेवायचा की वेगळा? तुझं म्हणणं, जोडलेला. बारीक धाग्याएवढ्या प्लास्टिकने धरलेला, दाबला की तुटून आत जाणारा. म्हणजे बायकांना दोन-दोन तुकडे उचलायला नकोत. माझं म्हणणं, एवढ्या बारीक जागेतून प्लास्टिक नीट वाहणार नाही, तुकडे अर्धवट भरतील, आणि भरले तरी पिशवीत हलून हलून आधीच तुटतील. हे भांडण आपण संपवलं नाही. तुझा आवाज गेल्यावर तू फोनवर एका बोटाने लिहायचीस. त्या बाबतीतला तुझा शेवटचा शब्द होता, जोडून. त्याखाली मी लिहिलं होतं, बघून घेते. त्यावर तू काही पाठवलं नाहीस.

तू गेलीस तेव्हा दुपार होती, मी कामावर होते. काकूंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, ये. दमणगंगेला पाणी भरपूर होतं. तुझ्या भावाने सगळं केलं. रमिला आणि लाइनवरच्या आणखी दोघी आल्या होत्या, काठावर मागे उभ्या राहिल्या. मी त्यांना पुढे बोलावलं तर रमिलाने मान हलवली. मग मीच मागे त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

तुला एक विचारायचं आहे, आणि याचा मला राग येतो.

तेराव्यानंतर मी काकूंजवळ बसले होते. त्या बोलता बोलता म्हणाल्या की त्या दिवाळीला शंकरपाळे करताना लाटणं तुझ्या हातातून दोनदा सुटलं. तू कुणाला सांगू नको म्हणून बजावलंस. कोणत्या दिवाळीला, मी विचारलं. त्यांनी सांगितलं. शुभदा, ती क्लिपच्या कामाच्या आधीची दिवाळी होती.

म्हणजे तुला माहीत होतं? आजाराचं नाव नसेल माहीत, पण हाताला काहीतरी होतंय हे माहीत होतं. मग तू मला क्लिप कडक आहे म्हणून का सांगत राहिलीस? कँटीनमध्ये माझ्यावर ओरडलीस तेव्हा तुला हे ठाऊक होतं का? तुला वाटत होतं का, की दोष क्लिपचा निघाला तर हाताचा नसेल? मी गेज आणला आणि आकडे मापात दाखवले, तेव्हा मी तुला नक्की काय सांगत होते हे मला आता कळतंय, आणि ते आठवून मला झोप लागत नाही. तू गेजकडे बघत होतीस. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते.

की उलट? हात दुबळा झाल्यावर तुला पहिल्यांदा दुसऱ्यांचे हात दिसले, आणि तू खरोखर त्यांच्यासाठीच भांडत होतीस? रमिलाचा तळहात तर खराच सोललेला होता. तो तुझ्या आजाराने सोलला नव्हता. काकूंना मी विचारलं, तिला काय वाटत होतं? त्या म्हणाल्या, मला कधी कुठे काय सांगायची ती. मग माझाच हात हातात घेऊन बसल्या. मी दोन्ही गोष्टी खऱ्या मानून बघते. काही दिवस जमतं. मग एखाद्या सकाळी वाटतं, तू मला नुसतं म्हणाली असतीस की माझा अंगठा दुखतोय, तर. त्या ‘तर’च्या पुढे काही नाही. औषध तर तेव्हाही नव्हतं. पण एवढे दिवस पाठीला पाठ लावून तरी बसलो नसतो.

आता क्लिपचं. नवा साचा तू गेल्यानंतर लागला. दांडा जोडलेलाच ठेवला, तू म्हणालीस तसा. पहिले तुकडे अर्धवट निघाले, मी म्हणाले होते तसे. जोड थोडा जाड केला, साचा जास्त तापवला, मग भरायला लागले. पिशवीत काही तुटतात, फार नाही. भट्टीच्या खोलीत फळी दिवसचे दिवस तशीच राहिली. मी जोरात खेचून बघितलं, पत्रा वाकला, क्लिप सुटली नाही. रमिलाने बसवून बघितल्या. मी गेज नेला नव्हता, हेमंतभाईंनाही येऊ दिलं नाही. तिने वेळ घेतला. मग म्हणाली की हाताला हलकी आहे, पण आधी क्लिप दाबा, मग दांडा दाबा, एकाचं दोन काम झालं, दिवसाचा आकडा पूर्ण नाही होणार. मी विचारलं, मग जुनी बरी? ती म्हणाली, जुनी बरी नाही. क्लिपच्या बाबतीत तिने मला पहिल्यांदाच नाही म्हटलं.

सोमवारी हेमंतभाईंनी बैठक घेतली. वापीचे दोघे आले होते. जुनी क्लिप झटपट बसते, नवी हळू बसते आणि थोडी महाग पडते, असा विषय होता. मला विचारलं तेव्हा मी आधी तुझी बाजू मांडली, रमिलाचा हात सांगितला, मग माझी बाजू मांडली, भट्टीतली फळी सांगितली. म्हटलं, झोपायच्या जागेवरच्या फळ्यांना आणि जिथे वजन आहे तिथे नवीच घ्या, आणि लाइनवरचा आकडा कमी करा. खुंट्यांना आणि स्विचच्या डब्यांना जुनी चालेल, पण ती दाबायला हातात धरायचं मुठीचं साधन बनवून द्या, उघड्या हाताने नको. मी तयारीनिशी गेले होते. कुणी विरोध केला तर काय बोलायचं ते दोन्ही बाजूंनी ठरवून गेले होते. वापीच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान डोलावली. हेमंतभाईंनी आकड्याचं थोडी कुरकुर करत मान्य केलं. चहा यायच्या आत सगळं ठरलं.

एवढ्या लवकर आपलं कधीच काही ठरलं नव्हतं. मी कागद गोळा करत मुद्दाम वेळ काढला. पाहुणे बाहेर पडले. हेमंतभाई दारापर्यंत जाऊन थांबले, मागे वळून त्यांनी विचारलं, मेधाबेन, अजून काही राहिलं का?

मी नाही म्हटलं. राहिलं होतं, शुभदा, पण ते त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.